मेल्यावर आलेला पगार

आता सगळं निस्तरलंय, म्हणून हसत सांगता येतं. निस्तरलं नसतं तर काजवाली आज गल्लीत नसती, आणि तिची गोष्ट सांगायला कुणाची जीभ उचलली नसती.

काजवाली म्हणजे नळासमोरच्या खोलीतली. शिंप्याच्या दुकानातून कपडे घरी आणते, काजं करते, बटणं लावते. मशीनवर काजं होतात, नाही असं नाही, पण कोटाच्या जाड कापडाला हाताचंच काज पाहिजे असं मास्तर म्हणतो, आणि हाताचं म्हणजे तिच्या हाताचं. तिच्या काजात बटण गेलं की आपण होऊन बाहेर येत नाही. तोंडाचं मात्र उलटं! तिच्या तोंडात तीळ भिजायचा नाही. कानातून आत गेलं की तोंडातून बाहेर आलंच. बाकीच्या बायका दूधवाल्याच्या पाठीमागं कुरकुरायच्या, ही तोंडावर म्हणायची, "भाऊ, आज पाण्यात दूध जरा कमी पडलं." शेजारणीनं हौसेनं नवा पडदा दाखवला तर ही कापड चिमटीत धरून म्हणणार, "रंग जाणार हो हा." वाईट मनात काही नाही. पोटात ठेवायला जागाच नाही, त्याला ती तरी काय करणार?

तिचा नवरा गवंडी. डोंगराच्या रस्त्याला कडेनं दगडाची भिंत घालतात ना, वरची माती खाली येऊ नये म्हणून, तसल्या भिंती बांधायचा. त्याला सगळे ओळंब्या म्हणायचे. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं वजन. वरून सोडलं की भिंत सरळ आहे की पोट काढून उभी आहे ते कळतं. ते वजन ह्याच्या खिशात कायम. घरी आला तरी चैन नाही. कपाटाला लाव, दाराच्या चौकटीला लाव. एकदा त्याची आई वैतागून म्हणाली, "मेल्या, बायकोच्या नाकाला लावून बघ एकदा. डावीकडं झुकलंय."

काजवाली कसली गप्प बसते! "आत्याबाई, पसंत करताना तुम्हीच आला होतात की. तेव्हा डोळे घरी ठेवले होते का?"

अशी ती सासू-सून. दिवसभर ठिणग्या, आणि जेवायला एका ताटात.

ओळंब्याचा जन्म इथला नव्हे. सरहद्दीपलीकडचा. लहान होता तेव्हा मामाच्या मागं चुन्याची घमेली उचलायला आला आणि इथलाच झाला. झाला म्हणजे मनानं झाला, कागदानं नाही. राहायचा परवाना होता, तो कामाला बांधलेला. त्याच्या परवान्यावर आई, बायको आणि लेक चिमणी, तिघींची नावं. म्हणजे एका खुंटीला चौघांचे कपडे. काजवाली मागं लागायची, "अहो, नागरिकत्वाचा अर्ज करा की एकदाचा." तो म्हणायचा, "ही भिंत झाली की करतो." एक भिंत झाली की दुसरी सुरू. गवंड्याला भिंतींची काय कमी?

मग तिकडं तिसऱ्याच एका देशात डोंगर खचले. रस्ते बंद झाले, गावं अडकली. आपल्या सरकारनं त्यांना शब्द दिला, भिंती आम्ही बांधून देतो. सरकारी रस्ते खात्यानं ओळंब्याची टोळी, मुकादम आणि त्याचे गवंडी, सगळी गाडीत घालून पाठवली. निघताना ओळंब्यानं चिमणीला उचलून दाराच्या चौकटीशी उभी केली, ओळंबा सोडला आणि म्हणाला, "सरळ वाढतीयस. अशीच वाढ."

तिकडून सुट्टीच्या दिवशी फोन यायचा. मागं रांग लागलेली असायची, म्हणून घाईत बोलायचा. काजवाली गल्लीतलं सगळं सांगून मोकळी व्हायची आणि तो "बरं, बरं" म्हणायचा, की वेळ संपली.

एके दिवशी सुट्टी नसताना फोन आला. मुकादमाचा. "वहिनी," म्हणाला, आणि ओळंब्या गेल्याचं सांगितलं. काजवालीच्या हातात सुई होती, ती तशीच राहिली. वरून दगड सुटला होता. ओळंब्या भिंतीशी वाकलेला, त्याला दिसला नाही. लांबचा मुलूख, रस्ते फुटलेले, आणणार कसं? टोळीनंच तिथं शेवटचं सगळं केलं.

काजवाली रडली, चिमणी रडली, गल्ली रडली. आत्याबाई रडली नाही. तिनं नुसती मान हलवली, जसं काही दूधवाला आज येणार नाही असं कुणी सांगितलंय. "मी बघितलं नाही," म्हणाली. "जे बघितलं नाही त्याला काय रडायचं?" आणि भांडी घासायला बसली.

त्या महिन्याचा पगार आला. नेहमीसारखाच, पुरा. पुढच्या महिन्याचाही आला. काजवालीला भरून आलं. ती गल्लीभर सांगत सुटली, "सरकार सरकार म्हणून आपण बोटं मोडतो, पण काळीज आहे हो त्याला. माणूस गेला तरी पगार थांबवला नाही." कुणाला काही खटकलं नाही. बायकांनी पदरानं डोळे पुसले.

पण दुसरीकडून बोलावणंही आलं. परवान्याच्या कचेरीतून. नवरा गेला, काम गेलं, म्हणजे खुंटी गेली. आता कपडे कशावर अडकवणार? तिथल्या माणसानं सांगितलं, "मृत्यूची सरकारी मदत तुमच्या घराला लागू आहे असं ठरलं, तर तुम्हाला इथं राहता येईल. नाही ठरलं, तर शाळेचं वर्ष संपलं की तिघींनी निघायचं."

निघायचं म्हणजे कुठं? ओळंब्याच्या मुलखात त्याचं घर उरलं नव्हतं. काजवालीचं माहेर तिकडंच होतं, पण तिथं भाऊ स्वतःच मामाच्या घरी राहात होता. आत्याबाईचे गुडघे असे की नळापर्यंत जायचं तर दोनदा बसावं लागे. आणि चिमणीला तिकडची अक्षरंसुद्धा येत नव्हती.

तेव्हा काजवाली मदतीच्या कचेरीत गेली. जिना चढून एक लांबट खोली, पंखा असा लावलेला की सगळा वारा भिंतीला. टेबलामागं एक मॅडम बसलेल्या, जाड चष्मा, तोंडात खोकल्याची गोळी.

"बसा. नवरा इथले नागरिक होते?"

"नाही हो. जन्म तिकडचा. पण दुधाचे दात इथंच पडले त्यांचे."

"आणि गेले कुठं?"

"तिसरीकडं."

मॅडमनी गोळी या गालातून त्या गालात नेली. "म्हणजे जन्म एका देशात, पोट दुसऱ्या देशात, आणि मरण तिसऱ्या देशात."

"हो ना. एका जागी बसायची सवयच नव्हती त्यांना."

मॅडम जरा हसल्या. बाई खडूस नव्हती, बरं का. तिनं खुर्ची पुढं ओढून नीट समजावलं. "ऐका. इथला नागरिक नसलेला कामगार बाहेरच्या देशात गेला, तर सहसा आमचे हात वर. पण एक वाट आहे. आपल्या सरकारनंच त्याला कामावर पाठवलेलं पाहिजे, आणि काम चालू असताना, कामाच्या जागेवर तो गेलेला पाहिजे. मग तो कुठल्याही देशाचा असो, घरच्यांचा हक्क लागतो. मदतही मिळते आणि राहताही येतं. तुमच्या नवऱ्याला सरकारनं पाठवलं, ते इथं दिसतंय. तिकडच्या दवाखान्याचा दाखलाही आहे, दगड लागून गेले म्हणून. मला काही अडचण दिसत नाही."

काजवालीच्या जिवात जीव आला. मॅडमनी शिक्का उचलला. आणि इथं, अगदी इथं, हिनं तोंड उघडलं.

"देव तुमचं भलं करो मॅडम. सरकार फार मायाळू आहे. मेल्यावरसुद्धा त्यांचा पगार दिला हो."

शिक्का हवेतच राहिला.

"मेल्यावर पगार?"

"हो! दोन वेळा आला. पुरा."

मॅडमनी शिक्का खाली ठेवला. शाई लावलेला शिक्का, तोही पालथा नाही, उताणा. "बाई, सरकार मेलेल्याला पगार देत नाही. कामावर असेल त्याला देतं. पगार आला म्हणजे तुमचा नवरा भिंत पुरी होईपर्यंत कामावर हजर होता. दाखला म्हणतो तो आधीच गेला. दोन्ही खरं कसं असेल? हा दाखला दुसऱ्याच कुणाचा तर नाही? की काम संपल्यावर, आपल्या आपण कुठं फिरताना गेले? तसं असेल तर हक्क लागत नाही. हे उलगडल्याशिवाय मला पुढं जाता येणार नाही. पुढच्या आठवड्यात या."

हत्ती गेला आणि शेपूट अडकलं ते असं. आणि अडकवलं कुणी? तिचं तिनंच.

घरी येऊन तिनं सगळं सांगितलं, कारण न सांगणं तिला येतच नव्हतं. वाटलं होतं, आत्याबाई आता शिव्यांचा भडिमार करणार. पण म्हातारीनं एवढंच विचारलं, "हजर होता म्हणाली?"

"हो, पण—"

"भिंत पुरी होईपर्यंत हजर होता. सरकारी बाई म्हणाली ना? सरकारी बाई खोटं कशाला बोलेल?" आणि म्हातारीच्या तोंडावर असं काही उजळलं की काजवालीला धडकी भरली. त्या संध्याकाळी आत्याबाईनं ट्रंक उघडली, लेकाचा निळा शर्ट काढला आणि धुवून दोरीवर टाकला. "याचं एक बटण गेलंय," म्हणाली. "लावून ठेव. आल्यावर लागेल."

तोवर टोळी परत आली होती. काजवाली दुसऱ्या दिवशी मुकादमाकडं गेली. दोन गल्ल्या पलीकडं घर. मुकादम ओट्यावर बसून छिन्नीला धार लावत होता. तिला बघून उठला, खुर्ची पुढं केली, आणि नजर मात्र छिन्नीवरच.

"भावजी, मेल्यावर यांचा पगार कसा आला?"

"आला ना? मग झालं तर, वहिनी."

"झालं काय? माझं घोडं त्याच्यावरच अडलंय!" आणि तिनं कचेरीतलं सगळं सांगितलं.

मुकादमानं छिन्नी खाली ठेवली. आतून त्याची बायको दारात येऊन उभी राहिली, हात पिठाचे. मग मुकादम म्हणाला ते असं.

गवंड्यांच्या टोळीत एक रीत आहे. भिंत सुरू करताना प्रत्येकाला आपापला तुकडा वाटून देतात. काम चालू असताना गवंडी गेला, तर त्याचा तुकडा दुसऱ्याच्या नावावर करत नाहीत. त्याची चुना लावायची थापी त्याच्या दगडांवर ठेवायची. सकाळी हजेरीला त्याचंही नाव पुकारायचं, आणि त्या दिवशी ज्याच्या हातात ती थापी जाईल त्यानं त्याच्या नावाला "आहे" म्हणायचं. प्रत्येकानं पाळीनं आपलं काम आटोपून त्याचे थर चढवायचे. वरचा थर बसला की मग नाव बंद. मेलेल्याची भिंत अर्धी राहिली तर त्याचा जीव तिथंच घुटमळतो म्हणतात.

"माझ्या बापानं असंच केलं," मुकादम म्हणाला. "त्याच्या बापानंही. फरक इतकाच, की तेव्हा हजेरी तोंडानं व्हायची. आता तीच लिहून वर खात्यात जाते आणि पगार निघतो. आमच्या ध्यानात आलं नाही असं नाही. पण म्हटलं, काम त्याच्या नावानं झालंय, एकही दगड कमी लावला नाही, तर पगार त्याच्या घरी गेला म्हणून बिघडलं कुठं?"

"मग हेच मॅडमला सांगा की!"

मुकादमाची बायको पुढं आली. "काय सांगा? मेलेल्याची हजेरी लावली म्हणून सांगा? टोळीचं सरकारी काम बंद होईल, वहिनी. कितीतरी चुली आहेत त्यावर. तुमचं दुःख मोठं आहे, कबूल. पण आमच्या पोटावर पाय देऊ नका. तुमच्या तोंडाची आम्हाला भीती वाटते, खरं सांगते."

काजवालीला ते लागलं. लागलं, कारण खरं होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, चावणार कुणाला? हीच माणसं होती ज्यांनी तिच्या नवऱ्याच्या नावाला रोज सकाळी ओ दिली. त्यांना कसं बुडवायचं? "नाही बोलणार," ती म्हणाली, आणि उठून आली.

बाई गं, ते दिवस! जिनं जन्मात काही पोटात ठेवलं नाही ती हे एवढं मोठं घेऊन हिंडायला लागली. तिला उचक्या लागल्या. जेवताना उचकी, काज करताना उचकी. दूधवाल्यानं दूध मापलं आणि नेहमीसारखा टोमण्याची वाट बघत उभा राहिला, ही गप्प. त्यानं घाबरून एक पळी जास्त घातली. मास्तर म्हणाला, "डॉक्टरकडं जाऊन ये. तू अशी गप्प असलीस की माझी कात्री वाकडी जाते."

आत्याबाईला सांगावं का? पण म्हातारी म्हणजे दुसरा नगारा. शिवाय सांगायचं तरी काय, की तो "आहे" म्हणणारा तुमचा लेक नव्हता? रोज शर्ट दोरीवरून काढून घडी घालताना म्हातारी विचारायची, "बटण लावलंस का?" आणि काजवाली म्हणायची, "लावते." सगळ्या गावाची बटणं लावणारी बाई, पण ते एक तिच्यानं लावलं गेलं नाही.

ठरल्या दिवशी ती कचेरीत गेली. मॅडमनी विचारलं, "कळलं का, पगार कसा आला?"

"कळलं."

"मग सांगा."

काजवालीनं ओठ आवळले. उचकी आली, ती गिळली. "मॅडम, ते सांगायचा अधिकार माझा नाही. माझ्या नवऱ्यानं काही खोटं केलं नाही, एवढं सांगते. ते कामावरच गेले, तेही सांगते."

"बाई, तुम्ही नाही सांगितलं तर मला 'लागू नाही' लिहावं लागेल. मग तुम्हाला जावं लागेल. समजतंय ना?"

"समजतंय."

मागच्या वेळी न विचारता बोलणारी ही बाई आज विचारूनही बोलत नाही, याचं मॅडमनाही नवल वाटलं असणार. त्यांनी कपाळ चोळलं. "सोमवारी मी हे वर पाठवते. तोवर कुणाला काही सांगायचं असेल तर सांगा म्हणावं."

तिथून ती दुकानात गेली, तयार कपडे दिले, नवे घेतले. घरी आली तर खोलीला नुसती कडी. नळावरची बाई म्हणाली, "म्हातारी गेली की मघाशी मुकादमाकडं. खांद्यावर निळा शर्ट होता."

काजवालीनं गाठोडं तिथंच टाकलं आणि पळत सुटली.

मुकादमाच्या दारात पोचली तेव्हा आत्याबाईचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. "बाहेर काढ माझ्या लेकाला! हजेरी लावतो, पगार घेतो, मग आईला तोंड दाखवायला काय धाड भरलीय? लाजतो काय? पाय गेला असेल तर गेला. दोन्ही हात गेले तरी चालतील. मी भरवीन. लहानपणी भरवलंच होतं की. सांग त्याला, ये म्हणावं."

आत मुकादम भिंतीला टेकून उभा. एवढा धिप्पाड माणूस, पण तो म्हातारीच्या पायाशी खालीच बसला. "आजी," म्हणाला, "नाही हो तो. नाही." आणि रडत रडत सगळं सांगितलं. थापीचं सांगितलं, पाळीचं सांगितलं, हजेरीचं सांगितलं.

म्हातारी ऐकत होती. शर्ट हातात घट्ट. सगळं झाल्यावर तिनं विचारलं, "शेवटच्या दिवशी 'आहे' कोण म्हणालं?"

"मीच म्हणालो, आजी."

"कसं म्हणालास? म्हण बघू."

मुकादमानं वर बघितलं. "आहे," म्हणाला, अगदी हळू.

"इतक्या हळू माझा लेक बोलायचा नाही," आत्याबाई म्हणाली. आणि मग रडली. त्या दिवसापासूनचं सगळं रडली. काजवालीनं धावत जाऊन तिला धरलं. सासू-सुनेनं एकमेकींच्या गळ्यात पडायची ती पहिलीच वेळ. मुकादमाची बायकोही रडत होती, आणि रडता रडताच तिनं खुंटीवरचा नवऱ्याचा कामाचा सदरा काढला आणि त्याच्या अंगावर फेकला.

"सोमवारी हा घालून जा आणि सांग. काम गेलं तर दुसरं बघू. पण या म्हातारीचं असं तोंड आठवत मला घास नाही जायचा."

सोमवारी कचेरीच्या जिन्यावर शिपायानं हात आडवा केला. समोर अख्खी टोळी, चुन्याचे डाग पडलेले कपडे, पुढं मुकादम, मधे काजवाली, आणि शेवटी दोघांच्या खांद्यावर हात टाकून एकेक पायरी चढणारी आत्याबाई.

"मोर्चा आहे का?" शिपायानं विचारलं.

"हजेरी आहे," मुकादम म्हणाला.

मॅडमनी सगळ्यांना आत घेतलं. मुकादमानं काही लपवलं नाही.

"मेलेल्या माणसाची हजेरी लावलीत तुम्ही," मॅडम म्हणाल्या. "हा गुन्हा होतो, ठाऊक आहे?"

"ठाऊक होतं, मॅडम. म्हणून तर इतके दिवस तोंड शिवून बसलो."

"मग आज का आलात?"

"त्याची भिंत उभी केली आणि त्याचं घर पाडतोय, असं झालं ना."

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग त्यांनी एकेका गवंड्याला वेगळं बोलावून एकच गोष्ट विचारली: तो कुठं, कधी आणि काय करताना गेला? एकानं सांगितलं तेच दुसऱ्यानं. आपल्या तुकड्याशी, सकाळच्या कामाला, खालच्या थराला ओळंबा लावताना. दवाखान्याच्या दाखल्यातला दिवसही तोच निघाला. मॅडम उठल्या आणि जिना चढून वरच्या साहेबांकडं गेल्या.

मग बसा वाट बघत. सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात, पण ती दुपार सहा महिन्यांपेक्षा लांब होती. काजवालीची उचकी मात्र थांबली होती, हे तिच्या स्वतःच्याही लक्षात आलं नाही, आत्याबाईनं सांगितलं. "बघ, बोलली नाहीस तरी बाहेर आलंच की."

"मी नाही हो आणलं बाहेर. तुम्ही आणलंत."

"मग? तुझ्या भरवशावर बसले असते तर गाडीत बसले असते."

मॅडम खाली आल्या. तोंडावरून काही कळेना. पुन्हा नवी गोळी चघळत होत्या. "बसा," म्हणाल्या, आणि बसायला जागा नव्हती म्हणून सगळे उभेच राहिले. "मेल्यावरचा पगार टोळीला परत भरावा लागेल."

"आमच्यातून कापून घ्या," मुकादम लगेच म्हणाला.

"मुकादमांना लेखी ताकीद. टोळीचं काम बंद करत नाही. साहेब म्हणाले, भिंत मजबूत आहे, तिकडून पत्र आलंय. पण यापुढं मेलेल्याचं काम पुरं करायचं असेल तर जरूर करा, हजेरी मात्र जिवंताच्या नावानं. कळलं?"

"कळलं."

आणि मग त्या काजवालीकडं वळल्या. "तुमच्या नवऱ्याला सरकारनं पाठवलं, आणि तो कामावर असताना, कामाच्या जागी गेला. आता माझ्याकडं एक सोडून इतके साक्षीदार आहेत. हक्क लागतो. मदत मिळेल."

"आणि आम्ही?" काजवाली म्हणाली.

"तुम्ही राहा."

"कुठं?" आत्याबाईनं विचारलं. तिला नीट ऐकून घ्यायचं होतं.

"इथंच, आजी. तुमच्या घरात. नात शाळेत जाते ना? जाऊ दे तिला." आणि यावेळी शिक्का खाली आला तो टेबल हललं असा. शिक्का मारून झाल्यावर मॅडम काजवालीला म्हणाल्या, "काही बोलायचंय का?"

सगळ्या टोळीनं श्वास रोखला. मुकादमानं तर डोळेच मिटले.

"नाही मॅडम," काजवाली म्हणाली. "आज काही नाही."

बाहेर आल्यावर टोळीतले गवंडी एकमेकांच्या पाठीवर असे धपाटे घालायला लागले की चुना उडाला. कोपऱ्यावर चहा झाला. आत्याबाईनं दोन घेतले आणि दुसऱ्यात साखर कमी आहे म्हणून चहावाल्याशी भांडली. घरी येऊन काजवालीनं चिमणीला मांडीवर घेतलं आणि सांगितलं, आपण कुठं जात नाही. चिमणी म्हणाली, "मग माझ्या चपला नव्या घ्यायच्या का? तू म्हणाली होतीस, तिकडं गेल्यावर बघू." "घेऊ," काजवाली म्हणाली. "उद्याच घेऊ."

पण उद्या काही ती लवकर उठली नाही. नळावर पाणी आलं, हंडे वाजले, ऊन दारातून आत येऊन तिच्या पायापर्यंत पोचलं, तरी बाई आपली झोपलेली. तोंड उघडं. इतक्या दिवसांची झोप एकदम आली होती. नळावरच्या बाईनं हाक मारली, तर आत्याबाई कधी नाही ती आपल्या दुखऱ्या गुडघ्यांवर उभी राहून दारात आली आणि तिच्यावर खेकसली, "ओरडू नका गं. माझी सून झोपलीय. पाणी मी भरते."